बिराप्पाचा लांडगा

जळकोटच्या माळावर बिराप्पा चाळीस वर्षं मेंढरं राखतो आहे आणि तेवढ्या वर्षांत त्याला शहाणपण काही आलेलं नाही, असं आमच्या गावाचं मत आहे. आमच्या गावाला मतं फार.

त्याचा सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे लांडगा. सुगी संपली की बिराप्पा लोकांच्या रानात कळप बसवतो. लेंड्यांचं खत रानाला, ज्वारी बिराप्पाला. वर्षाकाठी दोन-तीन कोकरं लांडगा उचलायचा. बिराप्पा काठी घेऊन धावायचा आणि परत येऊन शांतपणे तंबाखू मळायचा. कळपात लांडग्याचाही वाटा असतो, हे त्याला बापानं शिकवलेलं. बापही तसलाच.

आम्ही पडलो शिकलेले. मी तर निवृत्त मास्तर. आमचे तरुण उपसरपंच रणधीर यांनी गाव लांडगामुक्त करायचं ठरवलं. जेसीबी आला, ओढ्याकाठची लांडग्यांची बिळं दगडांनी बुजवली, फोटो निघाले. फोटोत डावीकडून तिसरा मी. बिराप्पा एवढंच म्हणाला, की रानात जागा रिकामी राहत नसते, कोणीतरी येऊन बसतंच. आम्ही हसलो. अंगठेबहाद्दर माणूस आता मास्तरला निसर्ग शिकवणार होता.

लांडगे गेले. पुढच्या हंगामात हरणांच्या लक्षात आलं, की आता भ्यायचं कोणाला नाही. कळपच्या कळप कोवळ्या ज्वारीत उतरले. आम्ही बुजगावणी उभी केली. हरणं त्यांच्या सावलीत बसू लागली. हायवेवरच्या धाब्यांचं खरकटं माळावर पडत होतंच, त्यावर कुत्री जमली. आधी सात-आठ, मग मोजायचं सोडून दिलं. लांडग्याच्या धाकानं जी कधी ओढा ओलांडत नव्हती, ती माळाची मालक झाली.

फाल्गुनातल्या एका दुपारी बिराप्पा ओढ्यावर पाणी आणायला गेला, तेवढ्यात कुत्री कळपात घुसली. अर्ध्या तासात एकोणीस मेंढरं फाडली. खाल्लं एकही नाही. बिराप्पाची बायको सिताबाई एका गाभण मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मेंढरं कुत्र्यांनी फाडली, आणि ती कुत्री माळावर कोणामुळं आली हेही मला ठाऊक होतं.

पंचनाम्याला वनखात्याचे साहेब आले. लांडग्यानं मारलं तर भरपाई, कुत्र्यानं मारलं तर काही नाही, असा नियम निघाला. रणधीर बिराप्पाच्या कानाला लागला, "मामा, लांडगा म्हणा की." मग पंच म्हणून आलेल्या आम्हा पाच प्रतिष्ठितांना एकदम आठवलं, की सकाळीच आम्ही लांडगा पाहिला होता. मला तर त्याचा रंगही आठवला. साहेब पेन उघडून बिराप्पाकडं बघत राहिले.

"न्हाय साहेब," बिराप्पा म्हणाला. "कुत्र्यांनी मारलं. त्यो आसता तर कुत्री हितं आलीच नसती. म्या त्याच्यावर आळ घेणार न्हाय."

साहेबांनी तसं लिहिलं, बिराप्पानं अंगठा उठवला. सिताबाईनं कुदळ उचलून नवऱ्याच्या हाती दिली. दोघं खड्डा खणायला लागली. कुदळी आमच्याही घरी होत्या. त्या घेऊन त्या दोघांसमोर जायची हिंमत मात्र आम्हा पाचांपैकी एकाचीही झाली नाही.