अक्काच्या वाटणीचे आडू

मेहरूणला आमच्या गल्लीत आडूची (पीचची) हातगाडी येते ती जेमतेम दोन-तीन आठवडे. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आडू फार आवडतात. पण नेमकी तेव्हाच ती साक्रीकडे सासरी पेरणीत गुंतलेली असते. म्हणून गेल्या वर्षी आईने ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, टिकवायचं मनावर घेतलं. घट्ट आडू तिने उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवले, सालं ओढून काढली, फोडी करून लिंबू पिळलं. मग लवंग घातलेल्या साखरेच्या पाकासकट त्या बरण्यांत भरल्या आणि झाकणं लावून बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. तीन बरण्या झाल्या. त्यातल्या दोन दिवाळीच्या आत मी एकट्याने फस्त केल्या. तिसरीला मात्र आई हात लावू देईना.

"ती अक्कानी शे," एवढंच म्हणायची.

आखाजीला आमच्याकडे लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. यंदा मी शहाणपणा केला. ऑफिसात काम होतं, म्हणून अक्काचं बसचं तिकीट काढून फोनवर पाठवून दिलं. वर खिडकीची जागा मिळवल्याचा तोराही मिरवला. ती आली नाही. सणाच्या दिवशी आईने आमरसाची वाटी तशीच बाजूला सारली.

पुढच्या रविवारी ती तिसरी बरणी घेऊन मी निघालो. धुळ्याला बस बदलली तरी ती मांडीवरून खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

अक्का ओट्यावर बियाण्यासाठी शेंगा फोडत होती. तिने पाणी दिलं आणि परत शेंगांपाशी बसली. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तू तिकीट धाडं. सासू रोज इचारे, भाऊ उना का? मी काय सांगू तिले?"

"चुकनू मी, अक्का," म्हणालो आणि बरणी पुढे केली.

तिने झाकण उघडून एक फोड तोंडात टाकली. पाक मनगटापर्यंत ओघळला. डोळे मिटून तिने ती सावकाश खाल्ली.

"मायनी खादात का?"

मी मान हलवून नाही म्हटलं; आईने एक फोडही चाखली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्काने झाकण घट्ट लावलं आणि बरणी माझ्याच पिशवीत ठेवली.

"बाकीना तिनासंगे खासू," म्हणाली, आणि कपडे भरायला आत गेली.