मोंघीभाभीची मुक्कामाची बस

मोंघीभाभीचं बसच्या कंडक्टरशी काहीतरी शिजतंय, ही आवई मोटी गोखरडीत कुणी उठवली ते मी सांगणार नाही. बरं, मीच उठवली. शिजत होतं हे खरं, पण चुलीवर: वांग्याचं भरीत आणि कढी, सोबत बाजरीचे रोटले. साठी उलटलेली ही बाई रोज दिवेलागणीला ड्रायव्हर मनुभा आणि कंडक्टर रसिक यांना ओट्यावर बसवून वाढायची, ते बस गावात मुक्कामाला टिकावी म्हणून. जिथे पोटाला मिळत नाही तिथे कुठला ड्रायव्हर रात्र काढेल?

गावाच्या नावात ‘मोटी’, म्हणजे थोरली, माणसं त्रेसष्ट. उरलेलं गाव सुरतेला हिरे घासतं. सकाळी सहाला तीच बस तालुक्याला निघायची. मंगळवारी आणि शुक्रवारी भाभी त्या बसने नवऱ्याला, गोबरभाईंना, रक्त शुद्ध करायच्या मशीनवर न्यायची. एक खेप चुकली की त्यांचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे.

चैत्रात एकदा रसिक जेवताजेवता म्हणाला, “मासी, सोमवारपासून तीन दिवस डेपोचे लोक उतारू मोजणार. सकाळच्या फेरीला दहा डोकी दिसली नाहीत तर मुक्काम बंद.”

भाभी पिठाच्या हातांनीच घरोघर फिरली. मी खाटेवर लोळत होतो.

“भीखाभाई, तीन दिवस बसमध्ये बसा. तालुक्याला जा, चहा प्या, परत या.”

“अहो भाभी, सोमवारपासून तीन दिवस मातेच्या देवळात हवन! सुरतवाल्यांनी थंड हवेची गाडी पाठवलीय, तीही फुकट. ती सोडून तुमच्या खटाऱ्यात बसू?”

“दहा जण तरी मागे राहा.”

“आणि आमचे नारळ कोण होमणार? रसिक?”

अख्खी गल्ली हसली. मी तर सगळ्यात मोठ्यांदा.

आमचं सारं गाव एकाच कुळाचं, आणि कुळात हवनाला माणशी एक नारळ होमतात. ज्याचा नारळ नाही, तो कुळात मोजला जात नाही. तान्ह्या लेकराचासुद्धा नारळ असतो. मग मागे राहणार कोण? शेवटी भाभीनेच आपले दोघांचे नारळ माझ्या पिशवीत घातले. मंगळवारी गोबरभाईंची पाळी होती, ती दोघं राहिली.

बुधवारी पुजाऱ्याने आकडा पुकारला: नऊशे चाळीस नारळ! एवढं मोठं आपलं कूळ, म्हणून आम्ही हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या. इकडे बसमधल्या साहेबाच्या कागदावर तिन्ही दिवस एकच आकडा होता, दोन. सोमवारी आणि बुधवारी काही कामही नव्हतं. तरी भाभीने आजारी माणसाला उठवून बसमध्ये बसवलं होतं.

पंधरवड्यात मुक्काम गेला, त्याबरोबर सकाळची बसही. सरपंचाने अर्ज केला, तर डेपोतून विचारलं, “आकडा तुमच्याच गावचा ना?” दुसरी बस धरायची तर फाटा पाच किलोमीटरवर. छकडावाला, म्हणजे आमचा तीनचाकी रिक्षावाला, आठ उतारू मिळाल्याशिवाय चाक हलवत नाही, आणि भल्या पहाटे आठ उतारू आणायचे कुठून? दोनदा मी गोबरभाईंना मोटरसायकलवर नेलं. दुसऱ्यांदा परत येताना ते मागच्या मागे घसरून पडले. त्यानंतर त्यांनी नको म्हटलं, मीही आग्रह केला नाही.

जेठ महिन्यात भाभीच्या मुलाने सुरतेहून टेम्पो पाठवला. त्याची तिथे चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. भाभीने रोटले भाजायची मातीची तावडी माझ्या बायकोच्या हातात दिली, घराला कुलूप घातलं. निरोपाला सारं गाव जमलं होतं. सवयीने मीच तोंड उघडलं.

“भाभी, आम्हाला एकसष्ट करून निघालात!”

तिने गोबरभाईंच्या पाठीशी उशी सारली, आमच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, “भीखाभाई, यातले दहा जण तेव्हा बसमध्ये बसले असते, तर आज मला पोचवायला यावं लागलं नसतं.”