किल्ल्याच्या उतारावरची माकडशिंगी

माझी थोरली बहीण साताऱ्याहून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे राहायला आली होती. भाद्रपदात एके सकाळी ती किल्ल्याच्या खडकाळ उतारावर हिंडून आली आणि बोटभर लांबीच्या, चौकोनी, मांसल कांड्यांनी भरलेली परडी तिने स्वयंपाकघरात ठेवली. काही कांड्या सोलून तिने तिखटमीठ लावले. माझ्या पत्नीने त्या आवडीने खाल्ल्या.

मी कचेरीतून परतलो, तेव्हा शेजारचे वृद्ध वैद्य ओसरीवर बसले होते. परडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "वकीलसाहब, ये तो थुहर है!"

थुहर म्हणजे निवडुंग; त्याचा चीक विषारी, हे ग्वाल्हेरीत कोणालाही ठाऊक आहे. माझा पारा चढला. हा सारा उतार खणून साफ करावा, अशा मागणीचे नगरपालिकेला धाडायचे पत्र त्याच क्षणी माझ्या डोक्यात तयार होऊ लागले.

"आक्का, हे विष कोणत्या अधिकाराने घरात आणलेस?"

"विष कसलं? माकडशिंगी आहे. आपल्याकडं डोंगरात पोरं येता-जाता खातात."

"साताऱ्याचा दाखला इथे ग्राह्य नाही!"

पत्नी पोट धरून भिंतीला टेकली होती. "अहो, मी जगणार की नाही तेवढं आधी ठरवा. मग भांडा."

आक्काने एक कांडी माझ्या हातात दिली. "मोड. थुहर असेल तर दुधासारखा चीक येईल."

मी मोडली. स्वच्छ पाणी आले. शेंड्याशी नखाएवढे, पाच टोकांचे, गर्द जांभळे फूल होते, त्यावर पिवळे ठिपके. नाकाशी धरताच सडका वास आला. वैद्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि मान हलवली. "नहीं, थुहर का फूल ऐसा नहीं होता। दूध भी नहीं है। हमसे भूल हुई।"

एका कांडीवर निर्णय देणे मला मान्य नव्हते. मी परडीतली एकूण एक कांडी मोडली. कोठेही चीक नव्हता. मग मात्र मी तेथेच पायरीवर बसलो.

पत्नीच्या चेहऱ्यावर रंग परतला. "वन्सं, भूक लागली हो."

"लागू दे. या वकिलानं एक साक्षीदार धड ठेवला नाही!"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेला पत्र गेलेच. तितक्याच संतापाने मी लिहिले होते की, त्या उतारावर कोणी कुदळ लावल्यास गाठ माझ्याशी आहे.