न घोटलेला कागद

इस्माईलचाचांच्या हातचा कागद जुन्नरात डोळे मिटूनही ओळखता यायचा, इतका तो गुळगुळीत असे. चिंध्यांचा लगदा हौदातून चाळणीवर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावून पुन्हा दोरीवर वाळत घालायचा आणि शेवटी फळीवर ठेवून दगडानं घोटायचा. घोटल्याशिवाय ताव घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांच्या घराचा कायदा. गिरणीच्या कागदानं धंदा पार बसवला होता, तरी चाचांनी हा कायदा मोडला नव्हता.

१९५४ साली मी जुन्नरात शिकायला राहिलो होतो आणि मला मुंबईच्या कलाशाळेत अर्ज करायचा होता. सोबत जलरंगातली सहा चित्रं मागितली होती. आमच्या निमगाव साव्याच्या घरी वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, की यंदा जमलं तर जा, नाहीतर नांगर धर. रंगवण्याजोगा जाड कागद बाजारात मिळेना, म्हणून मी चाचांकडे गेलो. त्यांनी हौसेनं सहा ताव दिले. खांदा दुखत असतानाही माझ्यासाठी म्हणून दुप्पट घोटले होते.

त्यावर रंग ठरेनाच. माझा शिवनेरी कागदभर ओघळला. तीन ताव असे वाया गेले आणि मुदतीला आठच दिवस उरले. दोन दिवस मी चाचांना तोंड चुकवत फिरलो. ज्यानं एवढा जीव ओतून घोटलं, त्याला तुमचं घोटणंच आड येतंय हे सांगायचं कसं? शेवटी सांगितलं. चाचांची नजर घोटायच्या दगडाकडे गेली. आतून ताजबीचाची म्हणाल्या, की पोराचं, चांगदेवचं, वरीस जाईल, तुमी कसला इचार करता?

चाचा उठले. खळ लावून वाळलेले सहा ताव त्यांनी दोरीवरून स्वतः काढले.

"असा कागद आमच्या घरातनं कधी गेला न्हाई," ते म्हणाले. "कुणी इचारलं तर माझं नाव सांगू नको."

त्या कागदानं रंग असा धरला, की माझा मलाच विश्वास बसेना. मुलाखतीत एका मास्तरांनी चित्रं बाजूला राहू दिली आणि कागदावरच बोटं फिरवली. हा कोणी केला, असं त्यांनी विचारलं. मी शब्दाला जागलो आणि गावाकडचा आहे एवढंच म्हणालो.

प्रवेशाचं पत्र घेऊन आधी चाचांकडेच गेलो. त्यांनी ते उजेडात धरलं, गिरणीचा कागद म्हणून नाक मुरडलं आणि चाचींना गूळ आणायला सांगितलं. मग मी मास्तरांचा प्रश्न आणि माझं उत्तर सांगितलं.

"सांगायचं व्हतं रे," चाचा म्हणाले.

पुढं मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. माझं जे काही भलं झालं, ते त्या सहा तावांवर झालं. दरवर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच ओळ लिहायचो: इस्माईल कागदी, जुन्नर. हे कोण, असं मुलं विचारायची, आणि मग मी सगळं सांगायचो.