मामानं उचलायची नवरी

आमच्यात नवरी स्वतःच्या पायानं बोहल्यावर येत नाही. मामा तिला उचलून आणतो. मांडवाच्या तोंडापासून बोहल्यापर्यंत, दोन्ही हातांवर, सगळ्या पाहुण्यांच्या देखत. दोन-तीन मामा असले की वाटून घेतात. माझ्या भाचीला मामा एकच, तो म्हणजे मी. आणि मी घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे गेली अठरा वर्षं खडूपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं.

ताईचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या घरी, शाळेतून येऊन पायमोजे काढत होतो.

"सुपारी फुटली," ती म्हणाली. "वैशाखात लगीन हाय."

मी आनंद केला. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मास्तर, उचलायचं मनाला लावून घेऊ नको. न्हाई जमलं तर हात धरून आन तिला. आजकाल चालतं."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शिरूर कासारकडं दिलेली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, आणि हा फोन केला तेव्हा कारखान्यावरून येऊन तिला आठ दिवसही झाले नव्हते. ज्या वर्षी मला बीडच्या वसतिगृहात टाकलं, त्याच वर्षी तिची शाळा सुटली आणि हातात कोयता आला. दोन्ही निर्णय एकाच संध्याकाळी, एकाच बाजेवर बसून झाले. त्यामुळे तिच्या लेकीला हात धरून आणणं आजकाल कितीही चालत असलं तरी मला चालणार नव्हतं.

तसा मी एके काळी ताकदीचा माणूस होतो. मी म्हणतो म्हणून नाही, पुरावा आहे. वसतिगृहाच्या मागं आम्ही वनस्पती तुपाच्या डब्यांत सिमेंट ओतून, मधून लोखंडी पाइप घालून वजनं केली होती. ती डोक्यावर धरून बनियनमधला माझा एक फोटो आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा मी तो बायकोला दाखवला होता. हल्ली कपाट आवरताना सापडला की ती विचारते, "हे कोण पाहुणे?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात गव्हाचा पन्नास किलोचा कट्टा उभा होता. भाचीही साधारण तेवढीच असणार. आज हा उचलला की विषय संपला, असा मी विचार केला. वाकलो, मिठी मारली आणि उचलला. उचलला गेला, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. खाली ठेवताना मात्र कमरेत काहीतरी कडकन वाजलं आणि मी कट्ट्यावर तसाच ओणवा राहिलो, गव्हाच्या पाया पडल्यासारखा.

"उसण भरली," दारातून आई म्हणाली. तिला बघायलाही जवळ यावं लागलं नाही.

उसणीवर आमच्याकडं इलाज एकच. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसानं पाठीला लाथ मारायची. अशा माणसाला पायाळू म्हणतात. मी शाळेत अंधश्रद्धेवरचा धडा शिकवतो आणि चांगला शिकवतो. पण ओणव्या माणसाचा तोरा किती चालणार? पायाळू शोधायला लांब जावं लागलं नाही. बायकोच पायाळू निघाली. सतरा वर्षांच्या संसारात ही माहिती तिनं जपून ठेवली होती.

"तीन मारायच्या असतात," आईनं सांगितलं.

तिनं चार मारल्या.

लाथांनी उतरली नाही, हे वेगळं सांगायला नको. चार दिवसांनी बीडला जाऊन फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंना दाखवलं. माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कट्ट्याशी आल्यावर पेन खाली ठेवलं, आणि मग मला रोजची दहा मिनिटं लिहून दिली. दहाची अकरा करायची नाहीत. भिंतीला हात टेकून जोर. उताणं झोपून कंबर उचलणं. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरून तो उचलणं. आणि खुर्चीत बसून उठणं, दहा वेळा.

"खुर्चीत बसून उठणं हा व्यायाम आहे?" मी विचारलं. "ते तर मी दिवसभर करतो."

"तुम्ही बसता, सर," त्या म्हणाल्या. "उठताना टेबलाला हात लावता."

आत येताना बाहेरच्या बाकड्यावरून मी कसा उठलो, ते त्यांनी पाहिलेलं असणार.

मग दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, आतल्या खोलीचं दार लावून, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या साडेतीन फुटांत माझी तालीम सुरू झाली. दार लावायचं कारण उघड आहे. ज्या माणसानं सिमेंटचे डबे डोक्यावर धरले, त्यानं भिंतीला ढकलताना कुणी बघू नये. पहिल्या दिवशी खुर्चीवरून सातव्यांदा उठताना मांड्या अशा थरथरल्या की मी आठव्यांदा बसलो आणि बसूनच राहिलो.

तिसऱ्या दिवशी आईनं दार ढकललं. कडी नीट बसत नाही, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत पाण्याचा कॅन, कपाळावर घाम.

"काय करायलास रं?"

"व्यायाम."

"कावून?"

मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा उतरला. कॅनकडं बघत तिनं बारीक आवाजात विचारलं, "नोकरी गेली का?"

मी हसलो. ती हसली नाही. माणूस अंग कशासाठी कमावतो, याचं तिला माहीत असलेलं कारण एकच होतं. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघते. तिनं बावीस सीझन डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिल्या, फळी चढून ट्रकमध्ये टाकल्या, ते माझ्या डोक्यावर काही येऊ नये म्हणून. आणि आता तिचा पगारदार मुलगा पहाटे कडी लावून, कुणी सांगितलं नसताना, ओझं वर-खाली करत होता. मी नाही म्हणालो, तरी तिला पटलं नाही. दोन दिवस ती बायकोला आडून आडून विचारत होती, साहेब लोकांशी काही वाजलं का म्हणून. शेवटी मी पगाराचा मेसेज वाचून दाखवला आणि नवरी उचलायची आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सहा वाजता पलंगावर येऊन बसायला लागली. हातात चहा.

मी तिला समजावून सांगितलं की वजन एकदम वाढवायचं नसतं. थोडं थोडं वाढवायचं, शरीराला सवय द्यायची, याचं एक शास्त्र आहे.

"मग?" ती म्हणाली. "सीझनला गेल्यावर पहिले आठ दिवस बारकीच मोळी बांधायची असतीया. पावसाळाभर बसलेलं अंग असतंय. पहिल्याच दिवशी मोठी बांधनारा तिसऱ्या दिवशी तळावरच्या कोपीत पडून ऱ्हातोय."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं का? तू तर जाऊन गव्हाला भिडला."

डॉक्टर बाईंनी छापील कागदावर दिलेलं ज्ञान आईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. पण कागद डॉक्टर बाईंचा होता, म्हणून मी तो भिंतीला चिकटवला. आणखी एक गोष्ट ती सांगायची आणि रोज सांगायची. मोळी एकट्यानं उचलायची नाही. उचलताना दुसऱ्यानं हात लावायचा. एकदा डोक्यावर आली की मग चालायचं एकट्यानं.

"आई, ही मोळी नाही, नवरी आहे."

"वजन हाय न्हवं?"

मी विषय बदलला. ही सवय मला वर्गात लागली आहे.

तिसऱ्या आठवड्यात कॅनची जागा पाठीवरच्या बॅगेनं घेतली. बॅगेत भरायला माझ्याकडं एकच जड वस्तू होती: बी.ए.ची पुस्तकं, बी.एड.च्या फाइली आणि स्पर्धा परीक्षांचे ते सगळे जाडजूड ग्रंथ, ज्यांच्या जोरावर मी तहसीलदार होणार होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन बॅग काट्यावर ठेवली. चौदा किलो. दुकानदार म्हणाला, "रद्दी देताय का सर?" मी नाही म्हणालो. माझं सगळं शिक्षण पाठीवर घेऊन मी रोज तीन वेळा दहा-दहा उठाबशा काढायला लागलो. हीच उठाबशी शाळेत शिक्षा म्हणून द्यायला बंदी आहे. स्वतःला द्यायला हरकत नसावी.

आणि अंग खरंच परत येऊ लागलं. याचं मला कुणापेक्षाही जास्त आश्चर्य वाटलं. खडू पडला की मी वाकून उचलू लागलो. पूर्वी पायानं सरकवायचो. बाकड्यावरून उठताना हात कुठं टेकत नव्हते. पाचव्या आठवड्यात मी भाचीला फोन केला. ती नर्सिंग करते, तेव्हा तिला वजनाचा राग येणार नाही असा माझा अंदाज होता.

"चोपन्न, मामा," ती म्हणाली. "शालू आणि दागिने धरून अठ्ठावन्न धरा. आणि मेंदीचा हात मी तुमच्या शर्टाला लावणार नाही, काळजी नको."

"मी वजनाची काळजी करत नाहीये."

"मग विचारलं कशाला?"

अठ्ठावन्न किलोचं घरात एकच माणूस होतं. बायकोला विचारलं. ती पोळी लाटत होती. "सतरा वर्षांत कधी वाटलं नाही ते भाचीच्या लग्नाला सुचलं," असं म्हणाली आणि हात धुवून आली. मी तिला उचलून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेलं, वळलो, परत आणलं. तव्यावरची पोळी करपली. त्या दिवशी तिनं फोटोतल्या पाहुण्याबद्दल काही विचारलं नाही.

लग्न ताईच्या दारात होतं. वैशाखातलं दुपारचं ऊन, वर निळं कापड. मांडवाच्या तोंडापासून बोहलं वीस पावलं, ती मी सकाळीच मोजून घेतली होती. मुहूर्त जवळ आला. नवरी पाटावर येऊन उभी राहिली. ताई तिच्या डाव्या बाजूला आली, पदर खोचला आणि हात पुढं केले.

"हात लावू का?"

"नको," मी म्हणालो. आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणालो.

आई दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसून बघत होती.

मी गुडघ्यात वाकलो, पाठ सरळ ठेवली, श्वास घेतला आणि भाचीला उचललं. एकट्यानं. वीस पावलं चाललो. मधे एकदा शालूचा पदर पायात आला, तरी हललो नाही. बोहल्यावर तिला असं ठेवलं, जशी परडीतली फुलं ठेवावीत. सात आठवड्यांचं सार्थक झालं. मी वळून ताईकडं बघितलं.

तेवढ्यात शूटिंगवाला ओरडला, "मामा, परत एकदा घ्या!"

"काय?"

"मधून कूलर गेला. मंडपवाल्यांनी नेमका तेव्हाच ढकलत आणला. तुमी दिसलेच न्हाई, नुसता कूलर दिसायलाय."

लोक हसले. नवऱ्याकडचं कुणीतरी म्हणालं, "घ्या की मामा, ताकद हाय अजून." गुरुजींनी घड्याळ बघितलं. भाची माझ्या कानाशी म्हणाली, "राहू द्या मामा, तुमच्या मांड्या थरथरतायत." त्या थरथरत होत्या. तिचं शिक्षणच त्यातलं.

पण शूटिंगमध्ये नवरीच्या मामाच्या जागी कूलर असणं मला मंजूर नव्हतं. आम्ही चालत परत मांडवाच्या तोंडाशी आलो. ती पाटावर उभी राहिली. मी वाकायला गेलो आणि मला कळलं, की खाली जाईन, वर येणार नाही. आणि आलो तरी नववीतला मुलगा परीक्षेत उत्तर आठवतो तसा, मधेच अडकेन. भाची पडली तर ते सात आठवडे कुणी विचारणार नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "हात लाव."

ती लगेच पुढं झाली. एक हात लेकीच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीशी, माझ्याकडं बघून मान हलवली आणि दोघांनी मिळून उचललं. किती वर्षं ती हे रोज शेकडो वेळा करत आली होती, ते त्या एका झटक्यात समजलं. वजन माझ्या हातांवर आलं तेव्हा ते अर्धंच असल्यासारखं वाटलं. मग तिनं हात काढून घेतले आणि म्हणाली, "हं, जा आता."

वीस पावलं मी एकट्यानंच चाललो.

तो व्हिडिओ महिन्याभरात आला. त्यात पहिली फेरी नाही. सगळ्या भावकीला आता हेच माहीत आहे की मास्तरला नवरी उचलायला बहीण लागली. घरच्या ग्रुपवर चुलतभावानं दंडाचे तीन आणि हसण्याचे चार इमोजी टाकले. कूलरचा सगळा प्रकार मी सविस्तर लिहिला, साडेतीन परिच्छेद झाले, आणि पुसून टाकला. सकाळची दहा मिनिटं मात्र चालू आहेत. बॅगेत आता आणखी दोन ग्रंथ घातलेत.

आईला व्हिडिओ मी माझ्या फोनवर दाखवला. सगळं लग्न तिनं बघितलं. ताई पदर खोचून पुढं येते तिथं तिनं माझा हात धरला, आणि मागं घे म्हणाली. घेतलं. परत बघितलं. मग तिनं चष्मा काढला.

"हितं बरुबर उचलली," ती म्हणाली.

"आई, पहिल्यांदा मी एकट्यानं उचलली होती. तू बघितलीस ना?"

"बघितली की," ती म्हणाली आणि चहाची कपबशी घेऊन आत गेली.