दांडीवरचे दात

जुनं पेन ओळखायची माझी रीत सोपी आहे. दांडी अंगठ्यानं खसाखसा घासायची आणि नाकाशी धरायची. जळक्या रबराचा वास आला की पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, कारागिरानं लेथवर कातलेलं. वास नाही आला तर प्लास्टिक, मग ते कितीही जुनं असो, माझं मन त्यात रमत नाही. भर बाजारात मी असा पेन हुंगत उभा राहिलो की बायको चार पावलं पुढे जाऊन, मला ओळखतच नसल्यासारखी भाजी निवडते.

समुद्रपुरात माझा हा नाद सगळ्यांना ठाऊक आहे. कपाटात बंद पडलेली पेनं लोक माझ्याकडे आणून देतात. दोन वर्षांपूर्वी जाम गावाकडच्या एक बाई एसटीनं आल्या. साठीच्या, शेतीच्या कामानं राकट झालेले हात. रुमालात गुंडाळलेलं पेन त्यांनी पुढे केलं.

"माह्या बाबाचा आहे. मास्तर होते. चालू करून द्या, भाऊ."

पेन अस्सल होतं. पण निबखालची जीभ वाळक्या शाईनं चोंदली होती आणि काळी दांडी मातकट पडली होती. पुढचा भाग भिजत घालून शाई काढली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दुसऱ्याची वस्तू परत करायची तर लखलखीत करूनच, ही आमच्या घरची खोड. दांडीच्या मागच्या टोकाला बारीक खड्डे होते. पॉलिश पेपर घेऊन मी दुपारभर घासत बसलो, एकही खड्डा ठेवला नाही. स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

बाई पेन न्यायला आल्या. उजेडात धरून त्यांनी मागचं टोक बोटानं चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"भाऊ, इथं बाबाचे दात होते. कुठी गेले?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं, "वह्या तपासता तपासता पेन चावत राहे बाबा. आमच्यापाशी त्यायचा फोटो नाई. हेच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाची खूण मी हौसेनं, स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती. माफी मागितली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निब मात्र मी घासली नव्हती. शाई भरून कागद पुढे केला. त्यांनी रेघ ओढली तर निब खरखरली. "थोडा डावीकडे कलवून पाहा, ताई," मी म्हणालो. निब त्याच अंगानं झिजली होती. त्यांनी कलवलं आणि रेघ सरसर उमटली.

"हो, वाकडाच धरे बाबा," एवढंच म्हणाल्या. पेन रुमालात बांधलं आणि बसस्टँडकडे निघाल्या.

त्यानंतर कितीतरी महिने दुसऱ्याचं पेन हातात घ्यायची माझी हिंमत झाली नाही. कोणी आलंच तर काहीबाही सांगून वाटेला लावायचो. हा नाद सुटलाच असता. सुटला नाही तो या बाईंमुळे. त्यांचे आभार मी तोंडानं कधी मानले नाहीत, म्हणून इथे मानतो.

गेल्या दिवाळीनंतर त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या. मी चपापलोच. त्यांनी पिशवीतून एक काळं पेन काढलं.

"तळेगावच्या बहिणीपाशी बाबाचा दुसरा पेन निघाला. चालत नाई. तिले म्हटलं, समुद्रपूरच्या भाऊलेच देऊ."

पेनाच्या मागच्या टोकाला दातांचे खड्डे शाबूत होते. मला ते हातात धरवेना.

"दुसऱ्याकडे काऊन नाई नेला, ताई? मी तं तुमचा तो पेन..."

"दुसऱ्याले काय माहीत हे दात आहेत म्हणून?" त्या म्हणाल्या. "तुमाले माहीत आहे."