सारवलेल्या अंगणातली इंक कॅप

कौशल्यामावशीला एका जागी बसवत नाही. नांदगाव खंडेश्वरला तिच्याकडे गेलं की ती ओट्यावरून टिनाच्या शेडकडे, शेडकडून फाटकाकडे फिरत असते आणि आपण तिच्या मागे फिरत बोलायचं. यंदा त्या शेडमध्ये तिने सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर, धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावली. पहिली मोठी मागणी अमरावतीच्या गजेंद्र केटररची, दोन दिवसांवर आलेल्या लग्नासाठी.

मी अकोल्याला शेतीचं शिकतो, म्हणून तिने मला तातडीने बोलावलं. कुटार भरून टांगलेल्या पिशव्यांमधून धिंगरीच्या बाजूनेच बारीक दांड्याच्या राखाडी छत्र्या निघाल्या होत्या. सकाळच्या छत्र्यांचं दुपारी काळं पाणी होऊन ते खाली ठिबकत होतं.

"करणी तं नाई केली ना कोनं?"

"इंक कॅप आहे, मावशी. शाईची टोपी. ती अशी वितळते, अन त्या काळ्या पाण्याची जुने लोक शाई करत. त्यावरून इंग्रजीत ते नाव पडलं."

"त्याईले लिवाले भेटली, अन मले पुसाले!"

कुटार तिने नीट उकळलं होतं. मी विचारलं, मग निथळायला कुठे टाकलं?

"अंगनात. ताज्या शेनानं सारवलं पहिले. खायाची वस्तू, तशीच भुईवर टाकू काय?"

शेणावरच वाढणारी जात ती. मी सांगितलं तशी मावशी फाटकापर्यंत गेली अन परत आली.

"वेचून टाकतो. धिंगरी तं चांगली दिसून राहिली. चालन ना?"

"एखादा तुकडा राहिला तर? हिच्यातली एक जात दारूसोबत बाधते."

"अन वरातीतले तं पिऊनच येतीन."

तिने फोन उचलला, ठेवला, पदराला हात पुसले, पुन्हा उचलला.

"गजेंद्रभाऊ, माल नाई देत मी. खराब निंगाला."

"आता सांगून राहिल्या, बाई? मेनू ठरला आमचा!"

"मंग पनीर टाका. कोनाच्या पोरीच्या लग्नात मानसं ओकत बसली तं?"

"पुढच्या वेळी तुमाले इचारतो काय मी!" फोन कटला.

मावशी शेडमध्ये गेली. पिशव्या उतरवू लागली. मी एक उचलली तशी खेकसली, "आंगापासून दूर धर, शर्ट काळा करशीन!"

"उकिरड्यावर नको टाकू, मावशी. शेणात पुन्हा उगवतील. खड्डा करू."

ती कुदळ आणायला निघालीही होती.